फळीवरचे श्रोते

मोबाइल दुरुस्तीच्या धंद्यात त्याचा इतका काळ गेला होता की त्याचं खरं नाव गल्लीतल्या बहुतेकांना आठवत नसे. गिऱ्हाईक काहीही तक्रार घेऊन येवो, स्क्रीन काळी पडलेली असो, फोन बादलीत पडलेला असो, नाहीतर नुसताच हट्टाला पेटलेला असो, हा आधी फोन उलटा करायचा, कानाजवळ नेऊन हलवायचा आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, बॅटरी गेली. निम्म्या वेळा ते खरंही निघायचं. त्यामुळे सगळे त्याला बॅटरीच म्हणायचे आणि त्याच नावाने हाक मारली की तो वळून बघायचा.

दुकान म्हणजे दोन इमारतींमधल्या बोळकांडीला लावलेलं शटर. आत एक माणूस बसला की दुसऱ्याने उभंच राहायचं. टेबलावर भिंगाचा दिवा, चिमटे, बारक्या स्क्रूंच्या डब्या आणि एक जुना रेडिओ, ज्यावर दिवसभर बातम्या चालू. पाठीमागच्या भिंतीला एक लांब फळी होती. लोकांनी दुरुस्तीला टाकलेले आणि मग परत न्यायला विसरलेले फोन तिच्यावर ओळीने उभे असत. कुणी नवा घेतला, कुणी गाव सोडून गेलं. बॅटरी ते फोन विकत नसे आणि फेकतही नसे. उद्या मालक दारात उभा राहिला तर काय तोंड दाखवायचं, असं त्याचं म्हणणं.

थोडक्यात, माणूस सरळ होता. गाण्याच्या बाबतीत मात्र निव्वळ दगड. कुठे गाणं लागलं की तो शेजारच्याला विचारायचा, हे किती वेळ चालणार? आणि अशा माणसाच्या नशिबी मेहुणा आला तो क्लॅरिनेट वाजवणारा.

मेहुणा बायकोचा धाकटा भाऊ. आई आजारी असायची म्हणून बायकोनेच त्याला अंगाखांद्यावर खेळवून मोठं केलेलं. लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत तो एकटा राहायचा, सकाळी मुलांना शिकवायचा आणि संध्याकाळी बाजारातल्या मोठ्या हॉटेलात जेवणाऱ्यांसमोर वाजवायचा. बॅटरी त्याला पिपाणी म्हणायचा, तेही तोंडावर. काय पिपाणी, फुप्फुसं काय म्हणतायत? मेहुणा हसून सोडून द्यायचा. बायको हसायची नाही.

मग हॉटेलच्या मालकाने कोपऱ्यात एक स्पीकर बसवला. फोनवरून साऱ्या जगाचं संगीत त्यातून पाझरायचं, हव्या त्या देशाचं आणि हव्या तेवढ्या आवाजात. मालक तसा भला होता, त्याने मेहुण्याला पोटभर जेवू घालून निरोप दिला. दुसऱ्या दिवशी मेहुणा बहिणीकडे येऊन स्वतःच त्याची थट्टा करत बसला.

"स्पीकरला जेवायला लागत नाही, ताई. आणि घाम पुसायला तो मध्ये थांबतही नाही."

बायको त्या दिवशी स्वयंपाकघरात बराच वेळ काहीतरी घासत राहिली.

मेहुणा हातपाय गाळून बसला नाही, हे त्याचं कौतुक. एका मित्राच्या खोलीत खिडक्यांना गाद्या टांगून त्याने स्वतःच्या तीन धुना रेकॉर्ड केल्या आणि ज्या ॲपवरून साऱ्या जगाचं संगीत वाहत होतं त्याच ॲपवर नेऊन टाकल्या. पहिली साधी होती. दुसरी अगदी छोटी. तिसरी लांबलचक, संथ, आई गेली त्या वर्षी सुरू केलेली आणि इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा उकलून विणलेली. ऐकणाऱ्यांचा आकडा ॲप दाखवायचं. तो आकडा हलेना.

बायको सरकारी दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसायची. तिने नवऱ्याला गळ घातली. अहो, दिवसभरात एवढी माणसं तुमच्यासमोर उभी असतात, त्यांना ऐकवा ना जरा. तिने आजवर नवऱ्याकडे काही मागितलं नव्हतं असं नाही, पण भावासाठी कधी मागितलं नव्हतं. बॅटरी हो म्हणाला, आणि खरंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने रेडिओ बंद करून एका गिऱ्हाइकाला पहिली धून लावून दिली. गिऱ्हाईक दोन क्षण थांबलं आणि म्हणालं, बातम्या लाव की. बॅटरीला एवढं ओशाळल्यासारखं झालं की पुन्हा कुणाला ऐकवायचा धीर त्याला झाला नाही.

आणि मग त्याची नजर फळीवर गेली.

ही कल्पना दुरुस्तीवाल्यालाच सुचावी. फळीवरचे जे फोन जिवंत होत होते ते त्याने एकेक करून चार्जरला लावले, प्रत्येकावर ते ॲप घातलं, नवनवीन नावांनी खाती उघडली आणि धून लावून दिली, संपली की पुन्हा पहिल्यापासून. लावली ती दुसरी. कारण अगदी व्यवहारी होतं. ती छोटी होती, त्यामुळे दिवसभरात जास्त वेळा फिरायची आणि आकडा भराभर वाढायचा. आवाज त्याने बंद ठेवला. एवढे फोन एकदम बोंबलायला लागले असते तर बातम्या ऐकू आल्या नसत्या. स्क्रीनचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून सगळ्या फोनची तोंडं भिंतीकडे केली आणि स्वतःवर खूश होऊन तो कामाला लागला. पोरासाठी आपण काहीतरी केलं, याचा त्याला मनापासून आनंद झाला होता. ते खोटं नव्हतं.

काही आठवड्यांनी एका दुपारी मेहुणा दुकानात आला तो उजळून. टेबलावर फोन ठेवून दाखवायला लागला. आकडा वाढला होता, आणि ऐकणारे कुठले, तर बाहेरचे कुणी नाहीत, आपल्याच गावातले.

"रोज ऐकतात, भाऊजी. आणि शेवटपर्यंत ऐकतात. त्या दुसरीत मध्ये एक थांबा आहे ना, तिथे मी श्वास धरून ठेवतो, तो काढून टाक म्हणून सगळे माझ्या मागे लागले होते. लोकांना वाटेल संपली, निघून जातील म्हणे. हे बघा. त्या थांब्यावर एकही माणूस उठून गेलेला नाही."

बॅटरीच्या पाठीमागे त्या घटकेलाही ती माणसं भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. सांगून टाकायची वेळ तीच होती. हसण्यावारी नेलं असतं तरी चाललं असतं. अरे पिपाणी, ती माझी करामत आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण मेहुण्याचा चेहरा बघून ते त्याच्याने म्हणवलं नाही. थांबा, श्वास, हे काही त्याच्या डोक्यात शिरलंच नाही. तो भलतंच बोलून गेला.

"ऐकणारच. वाजवतोसच तसं तू."

इतक्या वर्षांच्या नात्यात त्याने मेहुण्याचं केलेलं हे पहिलं कौतुक. मेहुण्याने मान खाली घातली आणि उगाच एका चिमट्याशी खेळत राहिला. त्यानंतर ते शब्द मागे घ्यायची सोय राहिली नाही.

घरात तर नुसता आनंद. बायको जेवायला वाढताना गुणगुणायला लागली. एकदा तिने सहज विचारलं, तुम्हाला आवडते का हो ती दुसरी? बॅटरीने घास गिळला आणि वेळ मारून नेली.

"आवडते म्हणजे काय. दिवसभर कानावर असते. तोंडपाठ झालीय."

दवाखान्याच्या खिडकीवर दिवसभर थापा ऐकणारी बाई ती. वय लपवणारे, पत्ता लपवणारे, सगळे तिला डोळ्यांवरून कळायचे. पण ही थाप तिला कळली नाही, कारण तिला ती खरी हवी होती. त्या रात्री झोपताना बॅटरीला हे समजलं आणि कुठेतरी टोचलं. पण त्याने कूस बदलली.

खरी टोचणी लागली ती पुढे. मेहुणा एका सुट्टीच्या दिवशी घरी जेवायला आला होता. बोलता बोलता म्हणाला की ती लांब धून आता तो बाजूला ठेवणार आहे. तिसरी कुणीच ऐकत नाही. दुसरी सगळे ऐकतात. याचा अर्थ लोकांना काय हवंय ते उघड आहे, आपणच उगाच हट्ट करत होतो. आता दुसरीसारख्याच छोट्या छोट्या बसवतोय. बायको म्हणाली, अरे, पण ती तर आईची. तो म्हणाला, ताई, आईची असली म्हणून लोकांनी का ऐकावी? हे तो इतक्या शहाण्यासारखं बोलला की बायकोने त्याच्या पानात नुसता आणखी भात वाढला.

ती छोटी होती म्हणून लावली, बाबा, याशिवाय त्याला काही कारण नाही, हे वाक्य बॅटरीच्या जिभेवर आलं आणि पाण्याच्या घोटाबरोबर खाली गेलं. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन त्याने विचार केला की निम्म्या फोनवर तिसरी लावावी. पण मग दुसरीचे श्रोते एकदम घटले तर पोरगं तिथेही खचेल. काय केलं तरी अंगाशीच येणार होतं. त्याने फळीवरची धूळ तेवढी पुसली आणि सगळं होतं तसं राहू दिलं.

मग मेहुण्याने वाचनालयाच्या माडीवरची खोली एका संध्याकाळसाठी घेतली. ॲप ऐकणाऱ्यांची नावं सांगत नाही, म्हणून त्याने कागद छापून खांबाखांबांवर चिकटवले. या लोकांना एकदा बघायचंय, म्हणाला. ओळख नको, काही नको. नुसते समोर बसलेले बघायचेत.

बॅटरीला घाम फुटला. ते येणार कुठून? ते तर फळीवर होते. तो कामाला लागला आणि त्याने घायकुतीला येऊन जे केलं ते फक्त त्यालाच जमलं असतं. ज्यांचे फोन दुरुस्त होऊन तयार होते त्यांना त्याने निरोप धाडले, फोन झालाय, पण तो दुकानात मिळणार नाही, अमक्या दिवशी संध्याकाळी वाचनालयाच्या माडीवर मिळेल. शिवाय लॉन्ड्रीवाल्याला, घड्याळजीला, वह्या-पेनांच्या दुकानातल्या बाईंना हातापाया पडून तयार केलं.

त्या संध्याकाळी निम्म्याहून जास्त खुर्च्या भरल्या. एका बाजूला मेहुण्याचे विद्यार्थी आणि त्यांचे आईबाप. दुसऱ्या बाजूला बॅटरीची माणसं, दाराकडे डोळा ठेवून. बॅटरी पहिल्या रांगेत बायकोशेजारी बसला होता आणि त्याच्या पायाशी पिशवीत त्यांचे फोन होते. बायकोने हात लांबवून त्याची कॉलर नीट केली. असं तिने चारचौघांत कधी केलं नव्हतं.

मेहुणा कडक इस्त्रीच्या शर्टात उभा राहिला. एकेका चेहऱ्यावर त्याची नजर थोडी थोडी थांबत होती, हा असेल का, ही असेल का, अशी. बोलायची सवय नसलेल्या माणसासारखा तो घाईने बोलला.

"तुमच्यातले काही जण ही धून रोज ऐकतात. कोण ते मी विचारत नाही. एकाला मात्र मी ओळखतो. माझ्या भाऊजींनी ही माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकली आहे."

सगळ्यांनी वळून पाहिलं. बॅटरीचे कान तापले. पण त्याने मनाशी एक ठरवून टाकलं होतं. झालं ते झालं, आता निदान टाळी तरी सगळ्यात आधी आपली वाजली पाहिजे, आणि सगळ्यात मोठी.

मेहुण्याने क्लॅरिनेट ओठांना लावली आणि दुसरी सुरू केली. बॅटरीने ती धून आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. त्याला वाटलं होतं तसं काही ते नव्हतं. पिपाणी तर नव्हतीच. कुणीतरी घरात शिरताना दारातूनच हाक मारावी तसा तो सूर निघाला, खोल्याखोल्यांतून फिरला, वर चढत गेला, आणि अगदी वर जाऊन थांबला.

बॅटरी अर्धा उठला आणि त्याने जोरात टाळ्या वाजवल्या.

एकट्याने. पहिल्या टाळीबरोबर मागून दुसरी येईल म्हणून तो वाजवत राहिला, आणि दुसरी येईना. मेहुण्याच्या ओठांवर क्लॅरिनेट तशीच होती, गाल श्वासाने भरलेले होते आणि मिटलेले डोळे उघडले होते. तिसऱ्या रांगेतली एक चिमुरडी विद्यार्थिनी आईला मोठ्याने म्हणाली, "अजून संपली नाहीये ना?" आई तिला गप्प करायला लागली. त्या क्षणी बॅटरीला त्या दुपारचं ते वाक्य आठवलं, थांब्यावरचं, शब्द न शब्द. धरणीने पोटात घेतलं असतं तर तो आनंदाने गेला असता. तो खाली बसला. बायकोने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिचा हात त्याच्या खुर्चीच्या दांडीवर होता, तो तिने उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला.

मेहुण्याने उरलेली धून पूर्ण केली. टाळ्या झाल्या. बॅटरीला हात उचलवेना.

ठरल्याप्रमाणे यापुढे आणखी छोट्या धुना होत्या. मेहुण्याने रुमालाने क्लॅरिनेटचं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं, आणि मग म्हणाला की आता जी वाजवतोय ती कुणीच ऐकलेली नाही. आणि त्याने तिसरी सुरू केली.

ती खरंच लांब होती. घड्याळजी पेंगायला लागला. बॅटरीची माणसं चुळबुळ करायला लागली, आणि मागच्या रांगेतला एक जण वाकून, पाय न वाजवता, पहिल्या रांगेपर्यंत आला आणि त्याच्या कानाशी म्हणाला, "माझा फोन?" बॅटरीने मान वर न करता पिशवीतून फोन काढून दिला. ते बघून दुसरा आला. मग तिसरा. त्या बाजूच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत गेल्या आणि बायको सगळं बघत होती. समोर तिची आई वाजत होती आणि नवरा शेजारी बसून फोन वाटत होता.

धून पुन्हा थांबली. या वेळी बॅटरीने हलायची हिंमत केली नाही. संपली की थांबलीय हे त्याला कळत नव्हतं, म्हणून तो बायकोच्या हातांकडे बघत राहिला. ते हात डोळे पुसायला गेले तेव्हा त्याला समजलं की संपली.

सगळे पांगल्यावर मेहुणा खुर्च्या एकात एक घालायला लागला. बायको जिन्याखाली जाऊन थांबली होती. बॅटरीही खुर्च्या उचलू लागला, कारण हातांना काहीतरी हवं होतं. मेहुणा त्याच्याकडे न बघता बोलला.

"फळीवरचे फोन ना?"

"हो."

"आवाज बंद ठेवून?"

"हो."

"पण मग दुसरीच का?"

"छोटी होती." बॅटरीला स्वतःचा आवाज परका वाटला. "म्हणजे आकडा लवकर वाढायचा."

मेहुण्याने हातातली खुर्ची खाली ठेवली आणि तिच्यावर बसला.

"म्हणजे मोठी लोकांना आवडली नाही, असं काही नव्हतं."

"नाही रे. छे. ती तर कुणी ऐकलीच नव्हती."

हे त्याने धीर द्यायला म्हटलं होतं. तोंडातून बाहेर पडल्यावर त्याला त्याचा अर्थ ऐकू आला आणि त्याने जीभ चावली. मेहुणा रागावला असता, अंगावर धावून आला असता तर बॅटरीला सोपं गेलं असतं. तो नुसता थकलेला दिसत होता.

"भाऊजी, तुम्ही पिपाणी म्हणायचात ना, ते बरं होतं. तेव्हा निदान ऐकून हसत होतात."

घरी जाताना बायको चार पावलं पुढे चालत होती. वाटेत ती एकदाच बोलली आणि तेही मागे न वळता. "तोंडपाठ झालीय म्हणालात मला."

सकाळी दुकान उघडून त्याने फळीवरचे फोन एकेक करून बंद केले. शेवटचा फोन बंद झाला तरी दुकानात काही फरक पडला नाही. आवाज आधीही नव्हता. ॲपवर तो मोठी धून शोधायला गेला. पण लावण्याआधी त्याच्या डोक्यात आलं की आता आकडा एकाने वाढेल, मेहुणा तो बघेल आणि त्याला वाटेल, पुन्हा फळीच. इतके दिवस खोटे श्रोते पाठवले आणि आता खरा जायला निघाला तर त्याला जायला तोंड उरलं नव्हतं.

तीन-चार दिवस असेच काढून एका दुपारी तो दुकानाचं शटर ओढून लॉन्ड्रीपाशी गेला. माफी मागायची, दुसरं काही नाही, असं घोकत गेला होता. लॉन्ड्रीवाल्याने इस्त्री न थांबवता हनुवटीने वर खूण केली, आहे घरात, जा. वरून क्लॅरिनेट ऐकू येत होती. तीच मोठी. बॅटरी जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला. वाजवताना मध्येच कसं जायचं?

काही वेळाने सूर वर चढून थांबला. बॅटरीने पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं, आणि तसंच मागे घेतलं. त्याने वाट पाहिली. लॉन्ड्रीवाला त्याच्याकडे बघायला लागला, की हा जात का नाही. मग वर श्वास घेतल्यासारखं काहीतरी झालं आणि धून पुन्हा सुरू झाली.

तो पायरीवर टेकला आणि आजवर कधी ऐकलं नव्हतं तसं शेवटपर्यंत ऐकत राहिला. ती संपली. या वेळी संपली आहे हे त्याला कुणाच्या हातांकडे न बघता कळलं. वर पेटीत क्लॅरिनेट ठेवल्याचा आवाज आला, कडी लागली. तरीही त्याच्याने जिना चढवेना. तो उठला, पँटची धूळ झटकली आणि लॉन्ड्रीवाल्याला म्हणाला, मी आलो होतो म्हणून सांगू नका.